बायनाबाईला आलेलं दूध

बायनाबाई माझ्या वडलांची चुलत बहीण, म्हणजे माझी आत्या. धानोऱ्याच्या पुढे एसटीतून उतरलं की जंगलातून बरंच आत चालावं लागे, तेव्हा तिचं गाव यायचं. बौद्धांची थोडी घरं, बाकी वस्ती गोंडांची. नवरा लटारू, धानाची बांधी म्हणजे भाताचं शेत, दोन बैल, चार शेळ्या. हे सगळं मला तिनंच सांगितलं, एकदा नाही, पुष्कळदा. प्रत्येक वेळी ती मधूनच कुठून तरी सुरू करायची आणि शेवटी विचारायची, "मंग तूच सांग बाई, मी बराबर केलं का चुकलं?" मी शाळेत शिकवते, म्हणून मला ठाऊक असेल असं तिला वाटायचं. मला ठाऊक नव्हतं.

चौऱ्याऐंशी सालचा उन्हाळा तोंडावर होता. गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते आणि मोठं दुखणं असलं की लोक अजून चंद्रपूरच गाठत. बायनाबाईची थोरली पोरगी कमळा चंद्रपूरलाच दिली होती. जावई श्रावण तिथं वीजकेंद्राच्या ठेकेदाराकडे कोळशाच्या कामावर होता. पहिलं बाळंतपण म्हणून कमळा माहेरी आली ती खोकतच आली.

"कोळशाची धूळ होय माय," कमळा म्हणाली. "तिकडं सारेच खोकलतात."

बायनाबाईलाही ते पटलं. मोहफुलं वेचायचे दिवस होते. मंगळवारी पहाटे पोरगी झाली, म्हणून तिला मंगलीच म्हणायला लागले. सुइणीचं काम बायनाबाईनं आणि शेजारच्या सोमारीनं मिळून केलं. सोमारी गोंडाची, बायनाबाईच्याच वयाची, दोघींच्या कुंपणात एकच वाट. रीतीप्रमाणे बायनाबाईनं कमळाचं पहिलं चिकाचं दूध पिळून टाकायला लावलं आणि लेकराला गुळाचं पाणी बोटानं चाटवलं.

चार-पाच दिवसांनी आरोग्य उपकेंद्राच्या नर्सबाई अंजनाबाई सायकलीवर आल्या. त्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "तेच तर टाकायचं नव्हतं बाई. त्यातच तर सारी ताकद असते."

"माझी तर सारी अशीच वाढली."

"सारी वाढली?"

बायनाबाईची दोन लहानपणीच गेली होती. ती चीक टाकल्यानं गेली असं तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, आणि आताही नर्सबाई तसं म्हणाल्या नव्हत्या. पण तो प्रश्न तिच्या डोक्यात जाऊन बसला, आणि तिथून तिचं सगळं उलटसुलट व्हायला सुरुवात झाली, असं ती म्हणायची. तोवर लेकरू वाढवणं ही एकच गोष्ट तिला पक्की येते असं तिला वाटत होतं.

कमळाचा ताप उतरेना. दूध मात्र भरपूर होतं, पोरगी धरली की गटगट प्यायची, आणि कमळा वाळत चालली. एका दुपारी खोकताना तिच्या पदराला रक्त लागलं. लटारूनं श्रावणला निरोप धाडला. श्रावण आला, आणि कमळा, लेकरू, बायनाबाई असे सगळे एसटीनं चंद्रपूरला गेले.

तिथल्या एका दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरून श्रावणला दाखवला. छातीत डाग होते. क्षयाचं दुखणं. कमळाला भरती करून घेतलं, रोज सुई आणि गोळ्या.

"बाळाला आईजवळ ठेवू नका," डॉक्टर म्हणाले. "दूधही नको. डब्याचं द्या."

"माय जिती हाय ना तिची, साहेब," बायनाबाई म्हणाली. "दूध बी हाय. मंग डब्याचं काऊन?"

"लागण झाली तर बाळ जाईल. चालेल का?"

श्रावण दुकानातून दुधाच्या भुकटीचा डबा आणि रबरी बुचाची बाटली घेऊन आला. डब्यावर गोबऱ्या गालाच्या लेकराचं चित्र होतं आणि सगळी माहिती इंग्रजीत. दुकानदारानं सांगितलेलं माप श्रावणनं सासूला समजावलं. निघताना बायनाबाईनं मंगलीला दारातूनच कमळाला दाखवलं. पोरगी रडली, आणि खाटेवर बसलेल्या कमळाची चोळी समोरून ओली होत गेली. कमळानं हातांनी छाती दाबून धरली. "घेऊन जाय माय, लवकर," ती म्हणाली. बायनाबाई सांगायची, तेवढी घटका ती कधी विसरली नाही. लेकरू इथं भुकेलं, दूध तिथं वाहतंय, मध्ये चार पावलं, आणि ती आपणच लेकराला उचलून दूर न्यायची.

एसटीत पोरगी गडचिरोलीपर्यंत रडली. बाटलीचं बूच तिला तोंडात घेता येईना. गाडीतल्या बायांनी आपापलं सांगितलं. एक म्हणाली शेळीचं दूध दे, दुसरी म्हणाली शेळीचं उष्ण, गाईचं पाणी घालून दे, तिसरी म्हणाली डब्याचंच चांगलं, साहेबलोकांची लेकरं त्याच्यावरच लाल होतात. बायनाबाईनं सगळ्यांना मान हलवली.

घरी डब्याचं दूध सुरू झालं. बायनाबाईला ते फार घट्ट वाटायचं. इवल्याशा पोटाला जड होईल म्हणून ती भुकटी कमी आणि पाणी जास्त घालायची. बाटली ती चुलीतल्या राखेनं घासायची, पण बुचाच्या आत बोट जात नव्हतं, आणि उन्हाळ्यानं विहिरीचं पाणी तळाला जाऊन गढूळ झालं होतं. शेळीचं दूधही एकदा देऊन पाहिलं. पोरीनं ओकून टाकलं. थोड्याच दिवसांत मंगलीला जुलाब लागले. टाळू खोल गेली, डोळे आत गेले.

अंजनाबाई आल्या. त्यांनी बाटली नाकाजवळ नेली आणि तोंड फिरवलं. "आंबली ना हे. पानी उकळलं होतं का?"

"दूध करतेवेळी उकळलं."

"बाटली?"

"बाटली कशी उकळू? फुटन ना."

नर्सबाईंनी बाटली बाजूला ठेवून वाटी-चमच्यानं पाजायला सांगितलं. मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते करून दाखवलं. माप पाहून म्हणाल्या, "हे तर नुसतं पांढरं पानी देऊन राह्यली तू. पोट्टी भुकेनंच मरन." बायनाबाईला कळेना. घट्ट दिलं तर पोटाला जड, पातळ दिलं तर उपाशी. आईचं दिलं तर क्षय, डब्याचं दिलं तर जुलाब. तिनं नर्सबाईंना सरळ विचारलं, "मंग देऊ काय?"

अंजनाबाई भल्या होत्या. "मायचंच सर्वांत चांगलं," त्या म्हणाल्या, "पन डॉक्टरनं नाई म्हटलं, तर मी कशी हो म्हनू?"

मीठ-साखरेच्या पाण्यानं पोरगी तगली, पण दुधाचा चमचा तोंडाशी नेला की मान फिरवायची.

तेंदूच्या पानांचा हंगाम सुरू झाला. गावचे सारे पानं तोडायला जंगलात. लटारूही जायचा. बायनाबाई लेकरामुळे घरी, गावात चिटपाखरू नाही. अशाच एका दुपारी मंगली रडून रडून निळी पडायला आली. झोळीत हलवलं, खांद्यावर घेतलं, आंगणात फिरवलं. ती लुगड्यात तोंड खुपसून काही तरी शोधत होती. बायनाबाई भिंतीला टेकून बसली आणि तिनं चोळीची गाठ सोडली. तिची शेवटची पोर अंगावरून सुटून कितीतरी वर्षं झाली होती. तिथं काही नाही हे तिला माहीत होतं. नुसतं चोखून झोप लागेल, एवढंच तिच्या मनात होतं.

मंगलीनं धरलं आणि झोपली.

दुसऱ्या दिवशीही तेच केलं, आणि तिसऱ्या दिवशी पोरगी रडायची वाट न पाहता केलं. पण लटारू घरी असला की करायची नाही, दार उघडं असलं तरी नाही. आपण काही चोरून खातोय असं तिला वाटायचं. "लाजच वाटे बाई," ती मला सांगायची. "म्हातारपनाकडं चाललेली बाई, अन् हे काय करून राह्यली म्हनून. पन लेकरू शांत होये."

काही दिवसांनी छाती जड वाटायला लागली. मग दुखायला लागली. एक दिवस मंगलीनं तोंड सोडलं, तर तिच्या ओठाच्या कोपऱ्यात पिवळसर थेंब होता. बायनाबाईनं तो बोटावर घेतला. चिकट होता. तिनं बोट लुगड्याला पुसलं आणि कितीतरी वेळ पोरीला पुन्हा जवळ घेतलंच नाही. तिला वाटलं छातीत काही तरी पिकलं आणि तो पू आहे. मग वाटलं, या वयात दिवस गेले असतील. पाळी तर मधूनमधूनच येत होती, हिशेब राहिलाच नव्हता.

ती कुंपणातल्या वाटेनं सोमारीकडे गेली आणि काही न बोलता तिच्यासमोर चोळी सोडली. सोमारीनं अंगठ्यानं दाबून पाहिलं. पांढरी धार निघाली.

"दूध होय," सोमारी म्हणाली.

"कसं काय?"

"मले काय माहीत? आमच्यात एकीले आलं होतं म्हनून ऐकलं. तिची सून मेली होती." मग ती म्हणाली, "सून मेल्यावर आलं होतं."

कमळा जिवंत होती. मग हे आता का आलं? बायनाबाई तशीच उठून घरी आली, आणि त्या दिवशी श्रावणकडून काही निरोप आला का म्हणून तिनं लटारूला पुन्हा पुन्हा विचारलं.

दोन दिवसांनी लटारूच्याच नजरेला चोळीवरचे डाग पडले. तो दातून करत होता, थांबला. त्यानं आधी इकडंतिकडं पाहिलं.

"कमळाची माय, तुले दिवस गेले का?"

"नाई."

"मंग?"

तिनं सांगितलं. तो आंगणातल्या खाटेवर जाऊन बसला.

"मंग हे दूध कोनाचं होय?" त्यानं विचारलं.

लटारू काही रागानं बोलला नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं, आणि तिलाही कळलं नव्हतं. त्या दिवशी तो नाल्यावर गेला आणि मासोळ्या धरून आणल्या, कारण बाळंतिणीला मासोळीचा रस्सा देतात एवढं त्याला ठाऊक होतं. तिच्यापुढे ताट ठेवताना मात्र त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

अंजनाबाईंनीही तपासलं. आधी पोट पाहिलं, मग छाती. "असंल कुठी तरी पुस्तकात," त्या म्हणाल्या, "मले तरी शिकवलं नाई. पोट्टी चोखते म्हनून येत असंल. पाज तू, काई बिघडत नाई." तरी त्यांचंही समाधान होईना म्हणून त्या तिला धानोऱ्याच्या एका खाजगी डॉक्टरकडे घेऊन गेल्या. तो तरणा होता. तो हसला. "हे खरं दूध नसतं आजीबाई. पाणी असतं. यात काही सत्त्व नाही. डबा बंद करू नका."

आता बायनाबाईनं दोन्ही सुरू ठेवलं. डॉक्टरसाठी डबा, पोरीसाठी छाती. पण पोरगी चमचा थुंकायची, आणि ज्यात सत्त्व नाही म्हणत होते त्यावर तिच्या मांड्यांना वळ्या पडायला लागल्या. टाळू भरून आली. ती हसायला लागली. डब्यातली भुकटी तशीच पडून गोळा होऊ लागली, तेव्हा लटारू ती चहात घालायला लागला. सोमारीच्या घरीही वाटीभर गेली. तिच्या नवऱ्याला तो चहा फार आवडला.

गावात काही लपून राहत नाही. विहिरीवर कोणी हसायचं, कोणी मुद्दाम लेकरू पाहायला यायचं. एक दिवस एक बाई सहज बोलून गेली, "पोरीचं दूध मायले आलं. तिकडून आटलं अन् इकडं उतरलं." ती वाईट मनानं बोलली नव्हती. पण बायनाबाईला ते काट्यासारखं लागलं. श्रावणनं मागे निरोपात कळवलं होतं की कमळाचं दूध आता पार आटलं. दिवस जुळवून पाहिले तर जवळपास तेव्हाच इकडं थेंब आला होता. आपण पोरीचं दूध ओढून घेतलं का? ओढता येतं का असं? तिनं विहारातल्या म्हाताऱ्या उपासकाला विचारलं. तो म्हणाला, असलं काही नसतं, अंधश्रद्धा आहे. ते तिला पटलं. पण घरी येऊन पोरीला जवळ घेतलं की पुन्हा वाटायचं, मग आलं कुठून?

श्रावण पाण्यापावसाच्या आधी एकदा आला, नवा डबा घेऊन. मंगलीला पाहून त्याचा विश्वास बसेना. "मामी, हे डब्याचंच ना?" त्यानं सासूला विचारलं.

बायनाबाई चुलीपुढे होती. तिनं वळून लटारूकडं पाहिलं. लटारू आढ्याकडं पाहत होता.

"हो," ती म्हणाली. "पिऊन राह्यली बेस."

का म्हणाली ते तिला सांगता येत नसे. जावयासमोर असली गोष्ट कशी बोलायची, हे एक. आणि दुसरं असं की, त्यानं जाऊन कमळाला सांगितलं तर आजारी पोरीला काय वाटेल. श्रावणनं जाऊन कमळाला सांगितलं की पोरगी डब्यावर मस्त झाली. कमळानं वॉर्डातल्या बायांना त्या डब्याचं नाव सांगितलं. म्हणजे आपल्या खोट्यानं अजून कोणाच्या लेकरांना डबा लागला असेल का, हाही विचार बायनाबाईला पुढे पुष्कळ दिवस छळत होता.

पावसाळ्यात वैनगंगेला पूर आला, रस्ते बंद पडले, महिना-दीड महिना इकडचं तिकडं कळलं नाही. रस्ते मोकळे झाले तशी कमळा आली. अंगावर थोडं मांस धरलं होतं, खोकला गेला होता, गोळ्यांची पिशवी सोबत होती. आणि तीही एक कोडं घेऊनच आली होती. दवाखान्यात शेवटी शेवटी एक नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी कमळाला विचारलं, बाळाला कोण पाजतं? कमळानं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "औषध सुरू झाल्यावर काही दिवसांनी तूच पाजू शकली असतीस. तोंडाला कापड बांधून. दुधातून नसतो जात हा आजार." एकाच दवाखान्यातले दोन डॉक्टर. कमळानं कोणाचं खरं मानायचं?

ती घरी आली तेव्हा मंगली बसायला लागली होती. कमळानं तिला उचललं, पोरगी अनोळखी म्हणून रडली. "भूक लागली असंल," कमळा म्हणाली. "माय, बाटली आन, मी पाजते."

बाटली कुठं आहे हे बायनाबाईला आठवेना. ती शोधायला लागली. तेवढ्यात मंगली कमळाच्या हातातून वाकून आजीकडे झेपावली, पदराखाली शिरली आणि चोळी ओढायला लागली. तिला त्याची सवयच होती. बायनाबाईनं पदर घट्ट धरला. पोरगी आणखी ओरडली. आणि तिच्या रडण्यानं बायनाबाईची चोळी भिजली.

कमळा पाहत राहिली.

"माय, हे काय होय?"

बायनाबाईनं सांगितलं. ती दुपार, सोमारी, डॉक्टर, सगळं एकदाच सांगून टाकलं. कमळानं एवढंच विचारलं, "ह्यांना माहीत होतं?"

"नाई. मी लबाड बोलली."

"अन् मी तिकडं साऱ्यांना सांगून राह्यली, डबा चांगला म्हनून." मग कमळानं विचारलं, "माय, माझं दूध तुले आलं का?"

तेच. गावातल्या बाईचं वाक्य, पण पोटच्या पोरीच्या तोंडून, आणि प्रश्न म्हणून. बायनाबाईला वाटलं नाही म्हणावं. विहारात सांगितलेलं सांगावं. पण तोंडातून निघालं ते असं, "मले माहीत नाई, बाई."

कमळानं ठरवलं की आता पोरगी आपल्या हातानंच खाईल-पिईल. ती बाटली उकळायची, दवाखान्यात शिकून आल्यासारखी अगदी नीट. पेज गाळून भरवायची. पेज मंगली खायची, बाटलीला मात्र तोंड लावायची नाही, आणि आजी दिसली की आकांत. म्हणून बायनाबाई दिवसभर बांधीत जाऊन बसायची. तिथं छाती दगडासारखी व्हायची. ती धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आडोशाला जाऊन दूध मातीवर पिळायची. "माती पिऊन जाये," ती सांगायची, "अन् घरी पोट्टी रडून राह्यली असंल. मले समजेना, मी कोनासाठी दूर झाली अन् काऊन."

एका सकाळी ती बांधीकडे निघाली तेव्हा कमळानं तिला दारातच थांबवलं. कडेवर मंगली.

"बस," कमळा म्हणाली. "तू कसं आनलं ते मले दाखव."

"मी काई आनलं नाई. ती चोखत राह्यली, मी धरून राह्यली."

"मंग तसंच."

दोघी भिंतीला पाठ लावून शेजारी बसल्या. मंगलीला आधी बायनाबाईनं घेतलं. पोरगी पिऊन सुस्तावली की हळूच कमळाच्या अंगावर सरकवली. पहिल्या दिवशी तिनं तोंड लावलं आणि काही नाही म्हणून चावून सोडलं. कमळाच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. अंजनाबाईंनी येऊन पाहिलं, गोळ्यांची नावं वाचली, कुणाला तरी विचारून आल्या आणि म्हणाल्या, पाजायला हरकत नाही म्हणतात. "म्हणतात" हा शब्द बायनाबाईच्या ध्यानात राहिला होता.

दिवस जात गेले. धान कापणीला आलं तेव्हा कमळाला दूध यायला लागलं. फार नाही. पोरीची भूक भागेल इतकं कधीच नाही, पण पोरगी तिच्याही अंगावर झोपायला लागली, आणि बाकी पेज, भात, वरणाचं पाणी होतंच. कमळाच्या चेहऱ्यावर मात्र बायनाबाईला वाटलं होतं तसा आनंद दिसला नाही. एकदा पाजता पाजता ती म्हणाली, "हिले दोन्ही सारखंच वाटत असंल का?" बायनाबाई उठून शेळ्यांना पाणी दाखवायला गेली.

कापणी झाल्यावर श्रावण आला आणि कमळा-मंगलीला घेऊन गेला. एसटी वळणाआड गेली तरी लटारू रस्त्यात उभा होता. बायनाबाईचं दूध लगेच गेलं नाही. कुठल्याही घरचं लेकरू रडलं की चोळी ओली व्हायची. होता होता उन्हाळा आला आणि ते आपोआप आटलं, जसं आलं तसंच, तिला न विचारता. छाती मोकळी झाली त्या दिवशी ती सोमारीकडे जाऊन रडली. सोमारीनं विचारलं, काऊन रडतं?

मंगली चांगली वाढली. धडधाकट झाली, शाळेत गेली. ती बायनाबाईला माय म्हणायची आणि कमळाला आई. कमळाला आधी ते लागायचं, मग सवय झाली. चंद्रपुरात शेजारणींनी विचारलं की कमळा सांगायची, आमच्याकडं आजीला मायच म्हणतात. म्हणतातही काही घरांत.

पण एक गोष्ट बायनाबाईला शेवटपर्यंत उलगडली नाही. कमळाला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती माहेरी आली नाही. बाळंतपण चंद्रपुरातच केलं, आणि मुलगा झाल्याचं आठवड्यानं कळवलं. चांगलीच होती, अंगावर दूध भरपूर होतं, पहिला चीकही तिनं पाजला होता. दवाखाना जवळ म्हणून तिथं राहिली, असं श्रावणनं सांगितलं. ते खरंही असेल. बायनाबाई तेलाची बाटली आणि जवसाची चटणी घेऊन गेली. कमळानं आनंदानं जागा करून दिली आणि मुलगा तिच्या मांडीवर दिला.

बायनाबाईनं पदर आवळून घेतला आणि लेकराला गुडघ्यांवर, अंगापासून जरा दूरच ठेवलं. लेकरू डोकं हलवून काही तरी शोधत होतं. तिनं मान वर केली तर कमळा तिच्याकडेच पाहत होती.

"अशी काऊन धरली?" कमळा म्हणाली. "घे ना माय, जवळ घे."

"मंग घेतलं का?" मी आत्याला विचारलं होतं.

"घेतलं," ती म्हणाली. "पन तिनं ते मनापासून म्हटलं का मी बसली होती म्हनून म्हटलं, ते मले समजलं नाई. तिले विचारू कसं? मी घेतलं, अन् मंग भूक लागली असंल म्हनून तिच्याकडं देऊन टाकलं."

"भूक लागली होती?"

"नाई," बायनाबाई म्हणाली. "माझ्या अंगावर झोपलं होतं."